नवशिक्यांसाठी भाषा घडविणारा गणिती : जॉन केमेनी

संगणकाच्या तासाला वेबपृष्ठ रचावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला अभ्यास कोणता ठेवावा, हा प्रश्न दिसावयास लहान, परंतु शिक्षकास बराच काळ विचारात पाडणारा आहे. हल्ली यंत्राला एक वाक्य सांगितले की ते क्षणार्धात एखाद्या उपाहारगृहाचे किंवा ग्रंथालयाचे सजलेले संकेतस्थळ तयार करून हाती देते. अशा सिद्ध प्रकल्पात वीसवीस, पन्नासपन्नास फायली असतात. विद्यार्थी त्यांपैकी एकीत आपले नाव घालतो, दुसरीतील चित्र बदलतो आणि वही मिटतो. यातील अमुक ओळ कशासाठी, असे विचारले तर मात्र त्याला सांगता येत नाही. नवशिक्याच्या हाती प्रथम काय द्यावे याचा साठ वर्षांपूर्वी मुळापासून विचार करणारा एक गणितज्ञ अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव जॉन केमेनी. त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, या हेतूने हा लेखप्रपंच.

केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. जन्मनाव यानोश. त्या काळी बुडापेस्टच्या शाळांतून गणिताची मोठी आवड जोपासली जात असे व तेथून बाहेर पडलेल्या कित्येक बुद्धिमंतांनी पुढे जगाच्या विज्ञानात नाव मिळविले. परंतु युरोपच्या क्षितिजावर काळे ढग जमत होते. हिटलरने १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा यानोशच्या वडिलांनी संकटाची चाहूल ओळखली. ते प्रथम एकटेच अमेरिकेस गेले आणि १९४० मध्ये त्यांनी पत्नी व मुलांस तिकडे नेले. यानोशच्या आजोबांनी मात्र देश सोडण्याचे नाकारले. नाझींनी चालविलेल्या ज्यूंच्या संहारात ते आणि आणखी काही आप्त बळी पडले.

हा मुलगा न्यूयॉर्कमध्ये उतरला, तेव्हा इंग्रजीचा त्यास सराव नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूल या सार्वजनिक शाळेत त्याचे नाव घालण्यात आले. परकी भाषा, परके शहर आणि वर्गात चाललेले निम्मे न कळणे, या अवस्थेतून त्याने वाट काढली व तीन वर्षांत आपल्या तुकडीत पहिला येऊन तो शाळेतून बाहेर पडला. पुढे याच मनुष्याने यंत्राशी बोलण्यासाठी नवशिक्यांची भाषा रचली. या दोहोंचा संबंध त्यांनी स्वतः जोडला होता की नाही, हा भाग वेगळा; आम्हांस मात्र तो जोडल्यावाचून राहवत नाही. आमच्या मुलांची घरची बोली कोंकणी, शाळेची भाषा मराठी आणि संगणकाच्या पडद्यावरची इंग्रजी. तेव्हा नव्या भाषेच्या उंबरठ्यावर अडखळणे म्हणजे काय, हे येथे कोणास समजावून सांगावयास नको.

१९४३ मध्ये केमेनी प्रिन्स्टन विद्यापीठात गणित व तत्त्वज्ञान शिकू लागले. महायुद्धामुळे शिक्षण मध्येच थांबवून त्यांना लॉस अलामॉस येथे जावे लागले. अणुबाँबची निर्मिती तेथेच चालली होती. गणनाच्या ज्या विभागात त्यांची नेमणूक झाली त्याचे प्रमुख होते रिचर्ड फाइनमन. आज ज्यास आपण संगणक म्हणतो तसे यंत्र तेथे नव्हते. हिशेबाच्या कचेरीत वापरली जाणारी, भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारी यंत्रे होती आणि त्यांच्याभोवती वीसएक माणसे पाळीपाळीने अहोरात्र राबत. एकाच समीकरणाची उकल होण्यास आठवडेच्या आठवडे लागत. पुढे १९७० च्या सुमारास केमेनी सांगत असत की, त्या वर्षभरात सर्वांनी मिळून केलेले काम आता महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी एका दुपारी उरकू शकेल, आणि तेही आणखी शंभर जण तेच यंत्र वापरीत असताना. हंगेरीतून आलेले दुसरे थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांचे भावी संगणकांविषयीचे विचार त्यांनी लॉस अलामॉसलाच ऐकले. यंत्रे येणार, हे त्यांना त्या वेळीच पटले. ती कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न त्यांनी पुढे स्वतःस घातला.

१९४९ मध्ये अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्या सुमारास ते आइन्स्टाइनचे गणिती साहाय्यक होते. हे ऐकून अनेकांस त्यांच्या चरित्रातील हाच सर्वांत मोठा मान वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आइन्स्टाइनला साहाय्यक पुष्कळ मिळाले. आमच्या विषयाचा केमेनी डार्टमथला घडला.

न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावी डार्टमथ महाविद्यालय आहे. तेथे १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, केमेनी प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि दोनच वर्षांत गणित विभागाचे प्रमुख झाले. समाजशास्त्राच्या व जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे गणित कोणते, याचा विचार करून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९५७ मध्ये सांत गणितावर एक पाठ्यपुस्तक लिहिले. १९५६ मध्ये टॉमस कर्ट्झ (१९२८–२०२४) हे संख्याशास्त्रज्ञ विभागात आले आणि या दोघांची आयुष्यभराची जोडी जमली.

त्या वेळी डार्टमथमध्ये संगणक नव्हता. तो होता सुमारे सव्वाशे मैलांवर, बॉस्टनजवळच्या एम.आय.टी. या संस्थेत. कर्ट्झ पंधरवड्यातून एकदा भल्या पहाटेच्या आगगाडीने निघत. सोबत पोलादी पेटी, तीत विभागातील सर्वांची भोके पाडलेली कार्डे. ती तेथे द्यावयाची, दिवसाअखेर उत्तरे घेऊन परतावयाचे. आता कल्पना करा, एका कार्डावर एक चिन्ह चुकले आहे. यंत्र काम करण्याचे नाकारते आणि ही वार्ता चूक करणाऱ्यास संध्याकाळी कळते. तो दुरुस्ती करतो. पुढली गाडी पंधरा दिवसांनी. तीत दुसरी चूक निघाली की आणखी पंधरा दिवस. पहिल्या चुकीच्या वेळी आपण काय योजिले होते, हेही तोवर मनुष्य विसरून जाई. अशा रीतीने प्रौढ संशोधक कसेबसे काम करीत, परंतु अठरा वर्षांचा विद्यार्थी त्यातून काही शिकणे दुरापास्त होते.

आणि केमेनींना शिकवावयाचे होते ते सर्व विद्यार्थ्यांस. डार्टमथमधील सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी विज्ञान किंवा अभियांत्रिकी न घेता इतिहास, वाङ्मय, अर्थशास्त्र यांसारखे विषय घेत. उद्या कारखान्यांत, विधिमंडळांत व कचेऱ्यांत निर्णय घेणारे लोक यांच्यातूनच निघणार. त्यांना संगणक म्हणजे काय हे कळले नाही तर कसे चालेल, असा केमेनींचा विचार होता. संगणकावरील नुसती व्याख्याने त्यांस निरुपयोगी वाटत. प्रत्येकाने स्वतः प्रोग्राम लिहून यंत्राकडून तो चालवून घेतला पाहिजे, यावर ते व कर्ट्झ ठाम होते.

मार्गात दोन अडचणी होत्या. पहिली भाषेची. त्या काळची प्रसिद्ध भाषा फोरट्रान. तीत एखादी गोष्ट एकापासून दहापर्यंत दोनदोनच्या अंतराने पुन्हा करावयाची असल्यास एका शब्दापुढे काही आकडे स्वल्पविराम देऊन मांडावे लागत. कोणता आकडा आरंभाचा, कोणता शेवटाचा व कोणता अंतराचा, हे नेहमी लिहिणारासही आठवत नसे. पूर्णांक व अपूर्णांक यांसाठी निरनिराळी अक्षरे योजावी लागत. केमेनी व कर्ट्झ यांनी १९५६ पासून सोप्या भाषांचे एकदोन प्रयोग करून पाहिले, ते फसले. अखेर त्यांनी नवीनच भाषा रचली, तिचे नाव बेसिक. नवशिक्यांची सर्वोपयोगी सांकेतिक आज्ञाभाषा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव झाले. पहिल्या रूपात तिच्यात चौदा-पंधराच आज्ञा होत्या. आवर्तनासाठी 'फॉर', 'टू', 'स्टेप' हे शब्द ठेवले. वाक्य वाचले की आरंभ, शेवट व अंतर आपोआप कळावे, ही योजना. संख्येत पूर्णांक-अपूर्णांक हा भेद नवशिक्यापुरता काढूनच टाकला. 'क्ष म्हणजे क्ष अधिक एक' असे लिहिलेले पाहून बीजगणित शिकलेला मुलगा बुचकळ्यात पडेल, म्हणून त्यापूर्वी 'लेट', म्हणजे 'असे मानू', हा शब्द घालणे आवश्यक केले. यंत्राशी गाठ पडताच लिहावयाचा शब्द होता 'हॅलो' आणि निघताना 'गुडबाय'.

दुसरी अडचण यंत्राची. शेकडो विद्यार्थी आणि संगणक एक. यावर उपाय होता कालविभागणीचा. तो समजण्यास आपल्याकडील भुसारी दुकानाकडे पाहावे. एका गिऱ्हाइकाची महिन्याची मोठी यादी असते आणि एका मुलाला केवळ काड्यांची पेटी हवी असते. चतुर दुकानदार यादीतील एक जिन्नस तोलून देतो, मध्येच मुलाच्या हाती पेटी ठेवतो व पुन्हा यादीकडे वळतो. मुलगा खोळंबत नाही, यादीवाल्यासही फारसे जाणवत नाही. संगणकाने प्रत्येकाच्या कामास काही क्षण द्यावेत, ते अपुरे राहिल्यास बाजूस ठेवून पुढच्याचे घ्यावे आणि पुन्हा फिरून यावे, अशी ही रीत. टेलिटाइप यंत्रांवरून येणारा मजकूर सांभाळण्यास एक संगणक व प्रत्यक्ष गणित करण्यास दुसरा, अशी जोडी जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून घेण्याचे ठरले. द्रव्यसाहाय्यासाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अर्ज गेला, तेव्हा हे अवघड काम पदवीपूर्व विद्यार्थी करणार, याविषयी जाणत्यांनी शंका प्रकट केली. अनुदान मात्र मिळाले. खरोखरच कालविभागणीची कार्यप्रणाली डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी लिहिली. बेसिकचा भाषांतरकार प्रोग्राम केमेनींनी यंत्र येण्यापूर्वीच, १९६३ मध्ये, लिहावयास घेतला होता. यंत्रे १९६४ च्या फेब्रुवारीत आली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता दोन टेलिटाइपवरून दोन बेसिक प्रोग्राम एकाच वेळी धाडण्यात आले आणि दोहोंची उत्तरे बरोबर आली.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. त्या वर्षी छापलेल्या बेसिकच्या पहिल्या पुस्तिकेत नवशिक्यापुढे ठेवलेला पहिला प्रोग्राम होता दोन अव्यक्त राशींच्या दोन एकसामयिक समीकरणांचा. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास हे गणित हातानेही येते. प्रोग्राम जेमतेम पंधराएक ओळींचा. परंतु त्यात संख्या आत घेणे आहे, आकडेमोड आहे, निर्णय आहे, उत्तर छापणे आहे आणि एकच एक उत्तर निघत नसेल तर तसे स्पष्ट कळविणेही आहे. पुढील संख्या घेऊन तेच काम पुन्हा करण्याचीही सोय आहे. म्हणजे लहान असूनही तो पुरा आहे. घर बांधण्याचा धडा म्हणून मुलास वाड्याची किल्ली देण्यापेक्षा आडोशाची एक झोपडी त्याच्याकडून उभी करून घ्यावी, तसे हे झाले. वेबपृष्ठाच्या बाबतीत पाहू. एक मथळा, एक परिच्छेद आणि दाबताच काहीतरी मोजून दाखविणारी एक कळ, एवढे पान विद्यार्थ्याने स्वतः अक्षर न् अक्षर टंकित केले, तर त्याला यातील प्रत्येक ओळीचा जाब देता येतो. सिद्ध प्रकल्प त्यानंतर यावेत. ते टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही; क्रम उलटा होऊ नये, इतकेच.

डार्टमथमध्ये गणिताच्या आरंभीच्या वर्गातील विद्यार्थ्यांस दोनतीन व्याख्याने देत, पुस्तिका हाती ठेवीत आणि नंतर त्यांनी स्वतः काही छोटे प्रोग्राम पुरे करावयाचे असत. ते तपासण्याचे काम शिक्षकाने केले तर शेकडो वह्यांखाली तो दडपून जाईल. म्हणून शिक्षक तपासणीचाच एक प्रोग्राम लिहून ठेवी. तो विद्यार्थ्याच्या प्रोग्रामला निरनिराळ्या संख्या देऊन पाही व कोठे चुकते ते कळवी. विद्यार्थी दुरुस्ती करून पुन्हा पाठवी. आगगाडीने पंधरा दिवसांनी कळणारी चूक आता काही सेकंदांत कळू लागली. चूक सांगणारे यंत्राचे शब्दही आकड्यांच्या संकेतांत नसून नवशिक्यास उमजतील अशा साध्या इंग्रजीत असावेत, हा बेसिकच्या रचनेतील एक नियमच होता. चूक लौकर, नीट आणि चारचौघांत पाणउतारा न करता कळणे, ही सोय किती शिक्षक आपल्या विद्यार्थ्यास देऊ शकतात?

बेसिक वापरण्यासाठी केमेनी-कर्ट्झ यांनी कोणाकडून मोल घेतले नाही. ग्रंथालयातील पुस्तक विद्यार्थी जसे विनामूल्य वाचतो तसाच संगणकही त्याला मिळावा, असे केमेनी म्हणत. १९६६ मध्ये उघडलेल्या संगणनकेंद्राचे दार सर्वांस मोकळे होते. मुले तेथे गणिते सोडवीत, तसेच खेळही रचीत. फुटबॉलच्या सामन्याचा एक प्रोग्राम तर खुद्द केमेनींनीच लिहिला. परिसरातील हायस्कुले दूरध्वनीच्या तारांनी त्या यंत्रास जोडली गेली.

तथापि ज्या महाविद्यालयाने संगणकाचे दार असे उघडे ठेवले, त्याचे स्वतःचे दार मुलींस बंद होते. १९७० मध्ये केमेनी डार्टमथचे तेरावे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कारकीर्दीत, १९७२ मध्ये, विद्यार्थिनींना तेथे रीतसर प्रवेश मिळाला. अनेक जुन्या माजी विद्यार्थ्यांस हे रुचले नव्हते. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या शिक्षणासाठी डार्टमथची स्थापना झाली होती, परंतु दोनशे वर्षांत त्या समाजाचे फारच थोडे विद्यार्थी तेथे आले होते. या विस्मृत वचनाचीही केमेनींनी आठवण ठेवली व त्या मुलांस आणण्याचा प्रयत्न सुरू केला. अध्यक्षपदाच्या धबडग्यातही त्यांनी वर्गावर शिकविणे सोडले नाही.

२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला. चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बारा जणांचे मंडळ नेमले आणि त्याचे अध्यक्षस्थान केमेनींना दिले. एक झडप उघडी अडकून पडली होती. नियंत्रणफलकावरील दिवा ती मिटण्याची आज्ञा गेली एवढेच दाखवीत होता, ती खरोखर मिटली की नाही हे दाखवीत नव्हता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे एकदम वाजू लागले आणि त्यांतला महत्त्वाचा कोणता, हे ओळखण्याचे साधन कर्मचाऱ्यांजवळ नव्हते. ऑक्टोबरमध्ये सादर झालेल्या अहवालाने यंत्रातील दोषापेक्षा अपुरे प्रशिक्षण, सदोष कार्यपद्धती व संस्थांची वृत्ती यांवर अधिक बोट ठेवले. नवशिक्यास चूक सरळ शब्दांत कळावी म्हणून झटलेल्या माणसाकडे हे काम यावे, यात आम्हांस विशेष औचित्य दिसते.

१९८१ मध्ये अध्यक्षपद सोडून ते पुन्हा पूर्णवेळ शिकवू लागले. एव्हाना लहान संगणक घरोघर शिरले होते व बहुतेकांत बेसिक होती. १९७५ मध्ये अल्टेअर नावाच्या यंत्रासाठी गेट्स व ॲलन या तरुणांनी तिची आवृत्ती केली, तेथून ही लाट उसळली. आपल्या देशातही १९८४ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत काही शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले, त्यांवरही बेसिकच होती. परंतु डार्टमथमध्ये ही भाषा वर्षानुवर्षे सुधारत गेली होती, तर बाजारातील आवृत्त्यांत उड्या मारणाऱ्या आज्ञांचा गुंता माजला होता. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्येच बेसिकमुळे विद्यार्थ्यांच्या बुद्धीस कायमची वाईट सवय लागते, असा कठोर आक्षेप घेतला होता. आमच्या मते आक्षेपात तथ्य होते, पण निवाडा अतिरेकी होता, कारण याच पायरीवरून असंख्य मुले पुढे चढली. खुद्द केमेनी-कर्ट्झही त्या विपर्यासाने व्यथित झाले. त्यांनी १९८३ मध्ये 'ट्रू बेसिक' ही शुद्ध आवृत्ती काढण्यासाठी कंपनी स्थापिली. तिला बाजारात फारसे यश आले नाही.

इसवी सन २००० मधील ग्रंथालय कसे असेल, यावर केमेनींनी १९६१ मध्येच व्याख्यान दिले होते. १९७२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी घरोघरचे टर्मिनल, दुरून चाळता येणारे राष्ट्रीय ग्रंथालय आणि ज्याला हवे तेवढेच देणारे वृत्तपत्र यांचे चित्र रेखाटले. २६ डिसेंबर १९९२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा वर्ल्ड वाइड वेब मुख्यतः प्रयोगशाळांत व विद्यापीठांतच ठाऊक होते. चार महिन्यांनी, ३० एप्रिल १९९३ रोजी, जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेने ते सर्वांस विनामूल्य वापरण्यास खुले केले.